वणवा आला तर गावानं काय करायचं?



पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं डोंगरावरचं गवत दिवाळीनंतर पिवळं पडायला लागतं आणि शिमगा येईपर्यंत हातात चुरडलं तर भुगा व्हावा इतकं वाळतं. आपल्या राज्यात वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतं. या चार महिन्यांत रात्री समोरच्या डोंगरावर लाल रेघ दिसते. आपण अंगणात उभ्या राहून बघतो, ‘वणवा लागलाय’ म्हणतो आणि आत जातो. वनखात्याचा डोंगर, वनखातं बघून घेईल, असं आपल्याला वाटतं.

पण जरा हिशेब करा. डोंगराच्या कुशीतल्या आपल्या वाड्यावस्त्यांवर दुपारी दोन वाजता घरी कोण असतं? कामाची माणसं मुंबई-पुण्याला, नाहीतर एमआयडीसीत. घरी असतात त्या आपण, म्हातारी माणसं, पोरं आणि दावणीची जनावरं. रानात लाकूडफाट्याला आणि जनावरांमागे जाणाऱ्याही बहुतेक आपणच. म्हणजे आग भर दुपारी वस्तीकडे वळली तर पहिला निर्णय आपल्यालाच घ्यायचा आहे. विझवायला जायचं, की घर सोडून निघायचं? तो निर्णय धुरात उभं राहून घेता येत नाही. तो आधी घेऊन ठेवावा लागतो. म्हणून आज आपण वणवा कसा चालतो, कसा विझवतात आणि वस्ती कशी वाचवायची, हे नीट समजून घेऊ.

आग कशी चालते

चूल पेटवताना आपण तीन गोष्टी जमवतो. जळण, वारा आणि काडी. तिन्हीतली एक काढून घेतली की चूल विझते. वणव्याचंही तसंच. विझवण्याचे जेवढे म्हणून उपाय आहेत, ते या तिन्हीपैकी एक काहीतरी काढून घेण्याचेच आहेत. पाणी मारलं की धग जाते, माती टाकली किंवा फांदीनं दाबलं की हवा तुटते, आणि पुढचं गवत काढून टाकलं की जळण संपतं.

आता वेग. आग किती जोरात पळेल हे तीन गोष्टींवर ठरतं. पहिली गोष्ट जळण. गवत बारीक असतं, म्हणून लगेच पेटतं आणि लगेच संपतं. मोठा ओंडका सावकाश पेटतो, पण दोन-दोन दिवस धुमसतो. त्यामुळे गवताची आग ही सगळ्यात चपळ आग.

दुसरी गोष्ट वारा. वारा आगीला नुसती हवा देत नाही, तर ज्वाळा पुढच्या गवतावर वाकवतो आणि ठिणग्या उचलून लांब टाकतो. दुपारी बारा ते चार या वेळात ऊन कडक, हवेतला ओलावा कमी आणि वारा जास्त. तेव्हा आग सगळ्यात बेफाम असते. रात्री आणि पहाटे हवेत ओलावा येतो, वारा पडतो आणि आग मंदावते. म्हणून वणवा विझवणारी जाणती माणसं पहाटेची वेळ साधतात.

तिसरी गोष्ट चढ. चुलीत लाकूड उभं धरलं तर जाळ सरसर वर चढतो, आडवं धरलं तर हळूहळू सरकतो. डोंगराचंही तसंच आहे. चढावर ज्वाळा वरच्या गवताच्या जवळ असतात आणि गरम हवा वर जाताना ते गवत पेटण्याआधीच वाळवून, तापवून ठेवते. ढोबळ हिशेब असा की उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वर जाण्याचा वेग दुप्पट होतो. वीस अंशांचा चढ असेल तर चौपट. पाण्याचा ओढा खाली धावतो, आगीचा ओढा वर धावतो, एवढं लक्षात ठेवा. शिवाय दिवसा डोंगरावर वारा खालून वर वाहतो आणि रात्री वरून खाली. म्हणजे दिवसा चढ आणि वारा दोन्ही आगीच्या बाजूनं असतात. डोंगरातली घळ तर धुराड्यासारखं काम करते, सगळी धग तिच्यातून वर ओढली जाते.

एवढं समजलं की एक गोष्ट आपोआप कळते. आग खाली असेल आणि आपण वर, तर आपण धोक्यात आहोत, मग ती कितीही लांब दिसो.

काडी कोण लावतं

रान आपोआप पेटतं, फांदीवर फांदी घासून आग लागते, असं आपण ऐकत आलो. आपल्याकडचे वणवे बहुतेक सगळे माणसाच्या हातून लागतात. काही मुद्दाम, बरेचसे निष्काळजीपणानं. बांधावरचं गवत पेटवलं आणि आग सुटली. उसाचं पाचट पेटवलं आणि वाऱ्यानं कुसळ पलीकडं नेलं. मावळात आणि कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजताना आग डोंगराला लागली. विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळला, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून रान पेटवलं. फिरायला आलेल्यांनी चूल तशीच सोडली, कुणी बिडीचं थोटूक फेकलं. कधी विजेच्या तारा एकमेकींना लागून ठिणग्या पडतात.

आणि एक जुना समज आहे, की गवत जाळलं तर पुढच्या वर्षी चारा चांगला येतो. आग लागून गेल्यावर हिरवे कोंब लवकर दिसतात, हे डोळ्यांना खरं दिसतं. वरचा वाळका थर गेलेला असतो आणि राखेतून थोडं खत मिळालेलं असतं. पण त्याच आगीत गवताचं जमिनीवर पडलेलं बी जळतं, झाडांची रोपटी जळतात, पक्ष्यांची घरटी जातात. डोंगर उघडा पडतो आणि पहिल्याच वळवाच्या पावसात माती ओढ्यात वाहून जाते. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर चांगलं गवत कमी आणि कुसळी वाढते. ओढा लवकर आटतो. मग हंड्यासाठी कुणाची पायपीट वाढते, ते मी सांगायला नको.

याला उलटं उदाहरणही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या लोकांना जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा त्यांनी आपल्या जंगलातून तेंदूपाला तोडायचाच नाही असं ठरवलं. पाला तोडायला फांद्या छाटाव्या लागतात आणि पालवीसाठी आगी लावल्या जातात, हे त्यांना माहीत होतं. हातात येणारा पैसा त्यांनी सोडला, तो जंगल राखण्यासाठी.

विझवायची रीत

आता आग लागली आहे असं समजा. पहिलं काम फोन. वनखात्याचा ‘हॅलो फॉरेस्ट’ हा क्रमांक आहे १९२६. वस्तीला धोका असेल तर ११२. जखमी असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८. सांगताना तीन गोष्टी सांगा: आग कुठल्या डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे, कुठल्या दिशेनं चालली आहे, आणि वाटेत वस्ती आहे का. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगी टिपते आणि मोबाईलवर संदेश पाठवते. पण उपग्रह ठरावीक वेळीच आपल्या डोक्यावरून जातो. त्याच्या आधी आपले डोळे आग बघतात, म्हणून आपला फोन महत्त्वाचा.

वनखात्याची माणसं काय करतात? एक काम ते हंगामाच्या आधीच करतात, ते म्हणजे जाळरेषा. जंगलात पट्टे आखून त्यातलं गवत कापून, जाळून मोकळे ठेवतात, म्हणजे आग आली तरी त्या पट्ट्याशी तिचं जळण संपतं. आग लागल्यावर ते पाठीवरच्या ब्लोअरनं पाला मागे उडवून झटपट नवी रेषा काढतात आणि हिरव्या फांद्यांनी आग झोडपतात. आपल्या डोंगरात आगीचा बंब वरपर्यंत पोचत नाही आणि उन्हाळ्यात पाणीही नसतं. त्यामुळे आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा पाण्याविनाच विझवावा लागतो.

गावकऱ्यांनी मदत करायची असेल तर वनरक्षकाच्या सांगण्यानुसार आणि गटानं. रीत अशी आहे. आगीला एक तोंड असतं, दोन कुशी असतात आणि एक शेपूट. तोंड म्हणजे ती जिकडे पळते आहे ती बाजू. तोंडासमोर उभं राहायचं नाही. शेपटाकडून सुरुवात करायची, तीही एखाद्या पक्क्या जागेपासून. रस्ता, ओढा, कातळ किंवा जळून काळी पडलेली जागा. तिथून एकेका कुशीनं आग विझवत तोंडाकडे सरकायचं. एक पाय कायम काळ्या जागेत. कारण जे एकदा जळलं ते पुन्हा जळत नाही. मागे वळून पळायची वेळ आली तर ती काळी जमीन हाच आपला आसरा.

फांदी पानांची, हिरवीगार घ्यायची. ती डोक्यावर उंच नेऊन आपटायची नाही, त्यानं निखारे उडतात आणि पाठीमागचं गवत पेटतं. ती आगीच्या कडेवर दाबायची आणि जळालेल्या बाजूला ओढायची. दोघी-तिघींनी एकामागोमाग चालायचं. पहिलीनं ज्वाळा मोडायची, मागचीनं राहिलेलं विझवायचं.

कुठली आग हातानं विझते आणि कुठली नाही? ज्वाळा चार फुटांच्या आत, म्हणजे साधारण आपल्या छातीच्या खाली असतील, तोवर हाताच्या साधनांनी काम होतं. त्याहून उंच झाल्या की तिच्यासमोर माणूस टिकत नाही. तिथं मागे हटायचं आणि पुढच्या रस्त्यावर किंवा नांगरलेल्या शेताच्या कडेला रेषा धरायची. मागे हटण्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक गोष्ट. समोरून दुसरी आग लावून पहिलीचं जळण संपवायचं, ही रीत तुम्ही ऐकली असेल. ती खरी आहे आणि शिकलेली माणसं ती वापरतात. पण वारा फिरला तर तीच आग दुसऱ्या अंगाला काम करणाऱ्यांवर जाते. त्यामुळे वनखात्याच्या माणसानं सांगितल्याशिवाय कुणीही समोरून काडी लावायची नाही.

चार गोष्टींशिवाय पाऊल नाही

अमेरिकेत वणवे विझवणाऱ्या जवानांना चार गोष्टी पाठ करून घेतात. आपणही त्या आपल्या भाषेत पाठ करू या: राखणदार, निरोप, वाट, आसरा.

राखणदार म्हणजे एक जण विझवायला लागणार नाही. ती उंचावर किंवा बाजूला, जिथून सगळी आग दिसते तिथं उभी राहील आणि फक्त बघेल. निरोप म्हणजे तिची हाक सगळ्यांपर्यंत पोचेल अशी सोय, मोबाईल किंवा शिट्टी. रेंज जाते, शिट्टी जात नाही. वाट म्हणजे पळायची वाट, आणि ती एक नाही, दोन. आसरा म्हणजे त्या वाटेच्या टोकाची मोकळी जागा. या चारांतली एकही नसेल तर आगीजवळ जायचं नाही.

हे नियम फार महागात शिकलेले आहेत. ५ ऑगस्ट १९४९ ला अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाच्या दरीत विमानातून उतरलेले जवान आग विझवायला निघाले. आग ओढ्यापलीकडे होती. वाऱ्यानं ती अलीकडं उडी मारून आली आणि गवताच्या चढावर त्यांच्या मागे लागली. तरणीताठी, शिकवून तयार केलेली माणसं ती, पण चढावर आगीनं त्यांना गाठलं आणि तेरा जण गेले. त्यांचा म्होरक्या वॅग्नर डॉज यानं धावता धावता थांबून समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या जळालेल्या राखेत तो पालथा पडला. मोठी आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, तो वाचला. त्यानं इतरांना हाक मारली होती, पण तो काय करतो आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यातून आपण घ्यायचं ते काडी लावणं नव्हे. घ्यायचं ते हे, की चढावर आगीशी शर्यत लावायची नाही, आणि काळी जमीन तारते.

घर वाचतं ते आधी

पुष्कळ घरं ज्वाळांनी पेटत नाहीत. ती उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. आग अजून पलीकडच्या शेतात असते आणि एक निखारा येऊन कौलांच्या सांदीतल्या पाल्यावर पडतो. पंधरा-वीस मिनिटांनी छपरातून धूर येतो. म्हणून निखाऱ्याला बसायला जागाच ठेवायची नाही.

घराच्या भिंतीपासून पाच फुटांत जळेल असं काही नको. सरपण, गोवऱ्यांचा उडवा, बारदान, जुन्या झाडण्या, सगळं लांब. तीस फुटांपर्यंत गवत कापलेलं, पालापाचोळा झाडलेला. होळीच्या आधी कौलांवरचा आणि पन्हाळीतला पाला काढून टाका. शाकारलेला गोठा असेल तर त्याच्याभोवती सारवून मोकळं अंगण ठेवा. कडब्याची गंज घराला आणि गोठ्याला लागून रचू नका. सगळी वैरण एकाच गंजीत न ठेवता दोन जागी ठेवली तर एक तरी वाचते. घराच्या डोंगराकडच्या बाजूला, म्हणजे आग जिकडून येईल तिकडे, नांगराचे चार-सहा तास घातले तर गवताच्या आगीला ती चांगली आडकाठी होते. रेषा किती रुंद हवी? गवताच्या उंचीच्या निदान दीडपट, आणि उतारावर किंवा वाऱ्याच्या तोंडाला त्याहून बरीच जास्त.

तारांखाली झाडाच्या फांद्या आल्या असतील, तारा झोळ खाऊन एकमेकींना लागत असतील, तर वायरमनला आत्ताच सांगा. अर्ज द्या, त्याची पोच घ्या.

निघायचं कधी

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ८ नोव्हेंबर २०१८ ला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका वीजवाहिनीचा झिजलेला हूक तुटला आणि ठिणगी पडली. सकाळी साडेसहाच्या सुमाराची गोष्ट. जोराचा कोरडा वारा होता. साधारण आठ वाजेपर्यंत आग डोंगरमाथ्यावरच्या पॅराडाईज नावाच्या गावात शिरली. श्रीमंत देश, बंब, विमानं, मोबाईल, सगळं होतं. तरी त्या वणव्यात ८५ माणसं गेली आणि १८ हजारांहून जास्त घरं-इमारती जळाल्या. मेलेल्यांत बहुतेक म्हातारी माणसं होती. कुणाला चालता येत नव्हतं, कुणाला निरोपच मिळाला नाही. सगळं गाव एकाच वेळी निघालं आणि मोजक्या रस्त्यांवर गाड्या अडकल्या.

त्याआधी ७ फेब्रुवारी २००९ ला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एका दिवसाच्या वणव्यांनी १७३ जणांचा जीव घेतला. त्यानंतर तिथल्या सरकारनं लोकांना स्पष्ट सांगायला सुरुवात केली, की धोक्याच्या दिवशी लवकर निघा. उशिरा निघणं सगळ्यात वाईट. आग दारात आल्यावर निघालेला माणूस धुरात, रस्त्यावर सापडतो.

आपली वस्ती लहान आहे, हे आपलं बळ आहे. कोण कुठं राहतं, कुणाला दिसत नाही, कोण बाळंतीण आहे, हे आपल्याला कागदाशिवाय ठाऊक असतं. फक्त ते ठरवून ठेवायचं.

पहिलं, खूण ठरवा. ‘आग जवळ आली की निघू’ असं म्हटलं तर प्रत्येकीचं ‘जवळ’ वेगळं. त्याऐवजी डोंगरावरची एक ठळक जागा धरा. आग त्या वडापाशी, त्या खिंडीत, त्या टाकीपाशी आली की म्हातारी माणसं, पोरं, गरोदर बाया आणि दम्याचे आजारी निघणार. मग वाद नाही, कुणाची परवानगी नाही, मुंबईला फोन करून विचारणं नाही.

दुसरं, हाक ठरवा. देवळाची घंटा, ग्रामपंचायतीचा भोंगा, जे असेल ते. घंटा किती वेळ वाजली की वणवा, हे पोराटोरांनाही माहीत हवं.

तिसरं, जोड्या लावा. न चालणाऱ्या प्रत्येक माणसामागे दोन नावं. एक घरी नसेल तर दुसरी असेल.

चौथं, जागा ठरवा. शाळेचं मोकळं मैदान, नदीचं पात्र, नांगरलेलं रान. डोंगराच्या वरच्या अंगाला नाही, खालच्या अंगाला. जाण्याच्या वाटा दोन.

पाचवं, पिशवी भरून ठेवा. रोजच्या गोळ्या, आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, पाणी, बॅटरी. दागिने शोधण्यात वेळ घालवू नका.

आणि जनावरं. निघताना दावी सोडा, सुटत नसतील तर कापा. गोठ्याचं दार उघडं टाका. मोकळं जनावर आपली वाट शोधतं, बांधलेलं जागच्या जागी जातं. गॅसची टाकी बंद करा, घराची दारं-खिडक्या लावून घ्या, म्हणजे निखारे आत जाणार नाहीत.

रानात आग गाठली तर

११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेली माणसं वाळक्या गवताच्या आगीत सापडली. त्यांत बायका बऱ्याच होत्या. वीसहून जास्त जीव गेले. धुरात दिशा कळेना, म्हणून काही जण सैरावैरा पळाले आणि दरीत पडले.

मोळीला, जनावरांमागे, करवंदाला आपण याच दिवसांत डोंगरात जातो. एकटीनं जाऊ नका आणि कुठल्या अंगाला जाणार ते घरी सांगून जा. धूर दिसला की मोळी टाका. मोळी उद्याही मिळेल. वर पळू नका, घळीत शिरू नका. आडवं चालत आगीच्या वाटेतून बाजूला व्हा आणि मग खाली उतरा. कातळ, पायवाटेचा रुंद भाग, नांगरलेलं शेत, ओढ्याचा उघडा गोटा किंवा आधीच जळालेली जागा गाठा.

काहीच उरलं नाही आणि आग अंगावर आली, तर उघड्या मातीवर, खळग्यात पालथ्या पडा. पाय आगीकडे, तोंड मातीजवळ. खाली धूर कमी असतो आणि धगही. घोंगडी असेल तर अंगावर घ्या. मेंढीची लोकर लवकर पेटत नाही आणि अंगाला चिकटत नाही. ऑस्ट्रेलियातही वणव्याच्या दिवसांत लोकांना शुद्ध लोकरीचं पांघरूण जवळ ठेवायला सांगतात. आपल्या धनगर आजीच्या खांद्यावर ते पहिल्यापासून आहे.

कपड्यांचं पण ऐका. नायलॉन, पॉलिस्टरची साडी वितळून कातडीला चिकटते. या दिवसांत रानात जाताना सुती कपडे घाला, पदर खोचून घ्या, पायात चप्पल नको, बूट घाला. धुरात नाकातोंडाला सुती कापड बांधा, पण धग अगदी जवळ असेल तर ते ओलं करू नका. त्याची वाफ होते आणि गरम वाफ छातीत गेली तर इजा जास्त होते.

कपडे पेटले तर पळायचं नाही, पळण्यानं वारा मिळतो. तिथंच खाली पडायचं, तोंड हातांनी झाकायचं आणि लोळायचं. भाजल्यावर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडत राहा. बर्फ नको. हळद, तेल, टूथपेस्ट, शाई यातलं काहीही लावू नका. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज चढायच्या आधी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. स्वच्छ कापडानं सैल झाका आणि दवाखाना गाठा. आणि धुरात खूप वेळ राहिलेल्या माणसाला बाहेरून काही झालेलं दिसत नसेल, पण खोकला, घोगरा आवाज, दम लागणं यातलं काही असेल, तर त्यालाही दवाखान्यात न्या.

विझला म्हणजे विझला का?

नाही. ज्वाळा गेल्या तरी वठलेली झाडं, ओंडके, शेणाचे ढीग आतून धुमसत असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की त्यातूनच पुन्हा पेट घेतात. म्हणून कडेच्या पट्ट्यातले धुमसणारे ओंडके आत, काळ्या जागेत ढकलायचे, माती टाकायची, आणि दोन दिवस पहारा ठेवायचा. हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन धग बघायची, तळवा लावून नाही. जळालेल्या झाडाखाली उभं राहू नका. मुळं जळालेली असतात, झाड आवाज न करता पडतं.

शेवटी कायद्याचं. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानं गुन्हा आहे. त्याच कायद्याचं ७९ वं कलम सांगतं, की ज्यांना जंगलातून चराईचे, लाकूडफाट्याचे हक्क आहेत त्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं हे त्यांचं कर्तव्य आहे. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं आपल्या हद्दीतलं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. म्हणजे डोंगर फक्त वनखात्याचा, हे कायद्यालाही मान्य नाही.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेच्या आधी महिला सभेत हा विषय मांडा. चार ठराव पुरेत. बांध आणि पाचट पेटवायचं नाही. राब भाजायचा असेल तर वारा पडल्यावर, कडेचं गवत कापून, चार माणसं उभी करून. वस्तीच्या डोंगराकडच्या बाजूची रेषा डिसेंबर-जानेवारीत श्रमदानानं काढायची. कोण कुणाला घेऊन निघणार, याची यादी अंगणवाडीच्या भिंतीवर लावायची. आणि वर्षातून एकदा घंटा वाजवून, खरोखर घराबाहेर पडून, ठरलेल्या जागी जमून बघायचं. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ती कमी झाली पाहिजेत.

आज हे बोलणं संपलं की एवढंच करा. अंगणात या, डोंगराकडे बघा आणि शेजारणीला विचारा, आग कुठवर आली की आपण निघायचं? ती जागा दोघींनी मिळून बोटानं दाखवा आणि संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना सांगा.